सूत मिळालेल्यांची यादी

नोव्हेंबर लागला की आमच्या उत्तनला दोन वास एकदम येतात. एक बोंबलांचा. बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांच्या दोऱ्यांवर, जबड्यात जबडा अडकवून, बोंबलांच्या जोड्या वाळत लोंबायला लागतात. दुसरा वास मेणबत्त्यांचा. हा आमच्याकडे मृतांचा महिना. कबरींवरचं गवत काढायचं, चुना मारायचा, झेंडूचे हार घालायचे, आणि संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी जमून गेलेल्यांची नावं वाचायची. एक नाव वाचलं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, 'त्याच्या आत्म्याला शांती दे', मग पुढचं नाव. मी वसईच्या वाडीतली, केळी नि पानवेलींत वाढलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिला आठवडा नाकाला पदर लावून काढला होता. आता एखाद्या दिवशी वारा उलटा फिरला आणि बोंबलांचा वास आला नाही, तर मला जेवण गोड लागत नाही.

यंदा या दोन वासांबरोबर शलाका आली. गोडदेवला राहते. मी पाहिलेल्या गोडदेवला शेतं होती, तिच्या गोडदेवला सात मजले आहेत. बरोबर कॅमेरा, एक तिवई आणि कानाला डबी लावलेला एक अबोल मुलगा. "आजी, आम्ही तुमच्या मिस्टरांवर डॉक्युमेंटरी करतोय," ती म्हणाली आणि हातातला कागद मला वाचायला दिला. चाळीस वर्षं मास्तरकी केली आहे, कागद हातात आला की आधी शुद्धलेखनाच्या चुका दिसतात. चुका नव्हत्या. वरती ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सरकारी भ्रष्टाचाराशी झुंजणारा निर्भीड रेडिओ पत्रकार'.

निर्भीड! मी हसले ते तिला आवडलं नसावं. पण काय करू? मच्छीमाराच्या घरात जन्मून जो होडीत पाय ठेवला की ओकायचा, पाटलांच्या बदकाला घाबरून जो देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, वाट सोडून मागच्या चिखलातून जायचा, त्या माझ्या जोकीमला कोणी निर्भीड म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणायची. मनात मात्र तो कायम 'तो'च होता, म्हणून इथेही तोच लिहिते.

"साल कुठलं, आजी?" शलाकाने विचारलं. त्रेचाळीस असेल, चव्वेचाळीसही असेल. लढाई चालू होती. साखर, रॉकेल, कापड, सगळ्यावर कंट्रोल होता. मला साल आठवत नाही, हवा आठवते. पहाटे अंगावर काटा आणणारा मतलई वारा, दुपारी डोक्यावर ऊन, आणि सगळ्या गावाच्या तोंडी एकच शब्द, सूत.

सूत म्हणजे जाळ्याचं सूत. बोंबील पकडायचं डोलजाळं म्हणजे केवढं तरी मोठं प्रकरण. एक जाळं विणायला अख्खं घर लागतं. पावसाळ्याचे चार महिने पुरुष ओट्यावर बसून विणायचे, बायका जेवणं उरकून हात लावायच्या. त्या वर्षी पावसाळा कोरडा गेला. म्हणजे पाऊस धो धो होता, हात मात्र रिकामे होते. सूत परमिटवर मिळायचं आणि परमिटवर काही येत नव्हतं. बायका जुन्या जाळ्यांतलं त्यातल्या त्यात बरं सूत उसवून त्याचीच ठिगळं लावत होत्या. होड्या जायच्या आणि अर्ध्या रिकाम्या यायच्या. भोकांतून मासळी निघून जायची. वलांड्या उभ्या होत्या, पण त्यांच्या दोऱ्या वरून खालपर्यंत मोकळ्या दिसायच्या. नोव्हेंबरात मोकळी वलांडी बघणं फार वाईट. पुढच्या पावसाळ्यात घरात काय शिजणार, ते आत्ताच दिसतं.

जोकीम तेव्हा मुंबईच्या रेडिओवर होता. गावकऱ्यांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम असायचा, त्यात तो बाजारभाव, हवामान आणि सरकारी सूचना वाचायचा. गावात वीज नव्हती. शाळेच्या ओट्यावर, क्रुसाच्या बरोबर समोर, बॅटरीवरचा एक रेडिओ ठेवलेला होता. बॅटरी उतरली की टांग्यातून भाईंदरला न्यायची आणि भरून आणायची. मांडीवर घेऊन बसणाऱ्याच्या लुंगीला ॲसिडने भोकं पडायची. एवढा सगळा खटाटोप करून गाव काय ऐकायचं, तर ज्वारीवरची कीड आणि बैलांची निगा.

"आमच्याकडं बैल कुटं हाय रं?" रेमेतबाय रेडिओला विचारायची. ही आमच्या शेजारची म्हातारी. जोकीम तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला, म्हणून रेडिओ तिचाच असल्यासारखी ती पुढे बसायची. तो आतून पुस्तकी मराठीत म्हणायचा, "नमस्कार, गावकरी मंडळी." ती बाहेरून म्हणायची, "नमस्कार, बाला." रोज. एकही दिवस तिने त्याला उत्तरावाचून ठेवलं नाही. मी मागे शाळेच्या दारात उभी राहून ऐकायची. शनिवारी रात्री घरी येणारा नवरा मला रोज संध्याकाळी अर्धा तास ऐकायला मिळायचा, तोही सगळ्या गावाबरोबर. त्याला थोडी सर्दी झाली तर मला कळायचं. 'ज्वारी' म्हणताना जरा थांबला तर जेवला नाही, हे कळायचं. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. किती आवडायचा म्हणून सांगू!

माझगावला एक खोली ठरत आली होती. नाताळनंतर मी शाळा सोडून मुंबईला जायचं, असा आमचा बेत होता. खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसाठी मी कुपनावरच्या कापडाचा पडदाही शिवून ठेवला होता. निळ्या फुलांचा. तो पडदा मी दर दोन दिवसांनी पेटीतून काढून बघायची आणि परत घडी करून ठेवायची.

पण गावात काहीतरी बिघडलं होतं. पाऊस संपता संपता पुरवठ्याचे साहेब वही घेऊन आले होते आणि सूत येणार म्हणून घरोघर अंगठे घेऊन गेले होते. मग ते पुन्हा आले, रिकाम्या हाताने. प्रत्येक घरात हळू आवाजात एकच सांगून गेले, "तुमच्या वाट्याचं मागाहून येईल. पहिली खेप शेजाऱ्यांना दिली, पण तुम्ही बोलू नका." झालं! रेमेतबायला वाटलं, सूत पलीकडच्या बस्त्यावने घेतलं. बस्त्यावला वाटलं, म्हातारीच्या मुलाने लपवलं. दोन्ही घरांची विहीर एक. तीस वर्षं एकमेकांच्या कळशा भरून ठेवणाऱ्या बायका आता आपापला दोर आणायला लागल्या. बस्त्यावच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं रेमेतबायच्या भावाकडे चाललं होतं, तेही थांबलं. शाळेत पोरं वर्गात वेगवेगळी बसायला लागली. कुणी कुणाला थेट विचारत नव्हतं. विचारलं असतं तर एका दिवसात उलगडा झाला असता. पण शेजाऱ्याला 'तू चोर आहेस का' हे कोण विचारणार?

त्या रविवारी देवळातून मिस्सा करून आलो. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं. जोकीमने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "एवढं नीट लिहून दे ना. माझं अक्षर मलाच लागत नाही." पेन्सिलीने घाईघाईत उतरवलेली नावं होती. गुरुवारी त्याला रेडिओवर दोन ओळी वाचायच्या होत्या, उत्तनच्या मच्छीमारांना सरकारी पुरवठ्यातून सूत वाटण्यात आले. दोन ओळींना मागे यादी जोडलेली होती. ती वाचायची नव्हती, नुसती फायलीला लावायची होती. चहाच्या सुट्टीत त्याने ती उतरवून घेतली होती.

मी टाक घेतला. चौथं की पाचवं नाव कैतानचं होतं. कैतान उन्हाळ्यात वारला होता. मला वाटलं, दुसरा कुणी कैतान असेल. मग मिंगेल आलं. मग जुजे, लुईसचा मुलगा. मी टाक खाली ठेवला. गेल्या तीन वर्षांपासून क्रुसापाशी गेलेल्यांची नावं मीच वाचत होते, शाळेतली बाई म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. ही नावं मला पाठ होती, बापाच्या नावासकट.

"अहो, ही माझी नावं आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे यातली निम्मी मी परवाच क्रुसापाशी वाचली. मेलेल्यांना सूत दिलंय तुमच्या सरकारने."

 फायलीतल्या यादीत नावापुढे अंगठेही होते, एवढंच त्याने सांगितलं. मी पुन्हा लिहायला घेतलं. मला वर्गवारीची सवय. हुशार एकीकडे, ढ एकीकडे. तशी मी नावंही लावत गेले, आधी गेलेले, मग असलेले. आणि गेलेल्यांच्या शेवटाला ते नाव आलं, कोंसूबाय. माझी सासू. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात गेली होती, वर्षही झालं नव्हतं. शेवटचे दोन महिने तिच्या उजव्या हाताला चमचा धरवत नव्हता आणि इथे तिचा अंगठा होता. मी ते नाव गाळलं. नेहमीच्या सवयीने दोन प्रती केल्या, एक द्यायला आणि एक ठेवायला. दोन्हींत गाळलं. त्याला वाचताना त्रास नको, एवढाच विचार होता. त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मला वाटलं, लक्षात आलं नाही.

"गुरुवारी मी ही वाचणार," तो म्हणाला.

मी खूप भांडले. हे मी शलाकाला कॅमेऱ्यासमोर सांगितलं, तेव्हा ती गोंधळली. तिच्या कागदात मी खंबीर पत्नी होते. मी म्हटलं, "मी वाचते ना क्रुसापाशी. मला कोण काढणार? तुम्ही कशाला तोंड घालता?" तो म्हणाला, तू वाचशील तर गाव ऐकेल. साहेब उद्या म्हणतील, मास्तरीणबाईंनी घरी बसून नावं रचली. रेडिओवरून वाचली तर ठाण्याचे ऐकतील, मुंबईचे ऐकतील. शेजारच्या राई-मुर्ध्याचेही ऐकतील, त्यांच्याही याद्या असतीलच. मी पडद्याचं नाव काढलं. हो, काढलं. निळ्या फुलांचा पडदा पेटीतून आणून त्याच्यासमोर टाकला. त्याने तो उचलून माझ्यापेक्षा नीट घडी केली.

"मला भीती वाटतेय गं," तो म्हणाला. 

"मग नका वाचू."

"न वाचण्याचीपण वाटतेय."

 मी जाऊन बोंबलाचं कालवण ढवळत बसले. ते खाली लागलं. त्याने ते न कुरकुरता खाल्लं, आणि मला त्याचा आणखी राग आला.

गुरुवारी संध्याकाळी क्रुसापाशी नेहमीसारखी रोझरीची माळ झाली, नावं झाली. त्या दिवशी मी ती भराभरा वाचली. मेणबत्त्या अजून जळत होत्या. बायका गोणपाटांवरून उठून पदर झटकत होत्या, पुरुष विड्या शिलगावत होते. समोर शाळेच्या ओट्यावर रेडिओ लागला.

"नमस्कार, गावकरी मंडळी."

"नमस्कार, बाला," रेमेतबाय म्हणाली.

सुरुवातीचे भाव आणि सरकारी वाक्यं कधीच कोणी ऐकत नसे. तेवढ्या वेळात गप्पा व्हायच्या. सुताच्या दोन ओळी तशाच हवेत गेल्या. मी दाराची चौकट धरून उभी होते. सर्दी नव्हती, पण आवाज नेहमीचा नव्हता. मग तो म्हणाला, नावे अशी. आणि पहिलं नाव घेतलं, कैतान.

गप्पा थांबल्या. कैतानची बायको तिथेच होती. तिने उठता उठता पुन्हा गुडघे टेकले. ती टेकली म्हणून शेजारची टेकली, आणि सगळ्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "त्याच्या आत्म्याला शांती दे." दुसरं नाव, मिंगेल. "त्याच्या आत्म्याला शांती दे." तिसरं, जुजे. मृतांचा महिना, क्रुसाची जागा, हातात मेणबत्त्या आणि गावच्याच मुलाचा आवाज. दुसरं काय वाटणार? रेमेतबाय तर डोळे पुसत बाजूच्या बाईला म्हणाली, "बग गो, आमच्या जोकीमनं रेडिओवर पन परार्थना लावली!"

मी चौकट धरूनच होते. ही गेलेले आणि असलेले अशी वर्गवारी माझीच होती. एकेक नाव येत होतं आणि गाव त्याला शांती देत होतं. गेलेल्यांतलं शेवटचं नाव झालं. आता असलेल्यांतलं पहिलं येणार, म्हणून मी रेमेतबायकडे बघितलं.

"कोंसूबाय," तो म्हणाला.

कागदावर नसलेलं नाव त्याने घेतलं. आणि मग काही नाही. रेडिओत नुसती खरखर. मुंबईत कुठल्या तरी बंद खोलीत माझा नवरा गप्प बसला होता आणि इथे सगळं गाव हात जोडून त्याच्या आईसाठी म्हणत होतं, "तिच्या आत्म्याला शांती दे." त्याला ते ऐकू जात नव्हतं. मी पण म्हटलं. माझा राग त्या खरखरीत कुठे गेला, मला सांगता येणार नाही.

मग आवाज परत आला, चांगला खणखणीत. "रेमेतबाय."

"तिच्या आत्म्याला शांती दे," सगळे म्हणाले. रेमेतबायपण भक्तिभावाने म्हणाली. मग थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि छातीवर हात मारून ओरडली, "आगे, मी तं जिती हाय!"

"बस्त्याव," रेडिओ म्हणाला.

"मी पन जिता हाय!" मागून बस्त्याव ओरडला.

कोणी हसायला लागलं, कोणी क्रूस करायला लागलं. तेव्हा कुठे मी चौकट सोडली. "ही सूत मिळालेल्यांची यादी आहे," मी ओरडले. "ह्या सगळ्यांना सूत मिळालं, असं लिहिलंय सरकारात!"

 रेमेतबाय हळूहळू वळली. दोन महिने जिने बस्त्यावच्या अंगणाकडे बघितलं नव्हतं, तिने सरळ त्याच्याकडे बघितलं. "तुला मिलला?"

"न्हाय मिलला. तुला?"

"न्हाय मिलला."

तिकडे रेडिओवर पुढचं नाव आलं. रेमेतबायने गर्दीत त्याला शोधलं. "मिलला?" तो म्हणाला, "न्हाय मिलला." त्याच्या पुढचं नाव. आता सगळ्या बायका विचारायला लागल्या, "मिलला?" आणि सगळं गाव उत्तर द्यायला लागलं, "न्हाय मिलला!" जो सूर दोन मिनिटांपूर्वी शांती मागत होता तोच सूर, तीच लय. मेणबत्त्या तशाच हातात.

आणि मध्येच आवाज तुटला. सनईची तबकडी सुरू झाली. लग्नात वाजते तशी, मस्त. कुणीतरी त्याला माइकपासून उठवलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, का ते मला माहीत नाही. मी शाळेत गेले, टेबलाच्या खणातून दुसरी प्रत काढली, आणि क्रुसाच्या पायरीवर उभी राहून उरलेली चार नावं वाचली. चारही वेळा गावाने उत्तर दिलं. पडदा, खोली, माझगाव, सगळं मला त्या पायरीवर स्पष्ट दिसत होतं, आणि मी वाचत होते.

शनिवारी येणारा माणूस शुक्रवारी दुपारी आला, तेव्हाच नोकरी गेल्याचं मला कळलं. हातात पत्र्याची पेटी आणि वर बांधलेला चहाचा मग. 'उद्यापासून येऊ नका' एवढंच त्याला सांगितलं होतं. पेटी दारात ठेवून तो तिच्यावरच बसला आणि घाबरत घाबरत विचारलं, "ऐकलं का कोणी?"

मी त्याला रेमेतबायची गोष्ट सांगितली. 'मी तं जिती हाय'पर्यंत आले तेव्हा तो पेटीवरून खाली घसरला. इतका हसला, इतका हसला की शेवटी रडायला लागला. मी त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. बोंबील वाळत होते, थोडेसेच, पण वाळत होते.

पुढच्या आठवड्यात ठाण्याहून दोन साहेब आले. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी एकेकाला बोलावून विचारलं. गेलेल्यांच्या जागी त्यांच्या बायका आल्या, पोरं आली. जुन्या साहेबांची बदली झाली. शिक्षा झाली की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. नाताळच्या आधी सूत मात्र आलं, बैलगाडीतून. पिळ्याच्या पिळ्या, पांढरंशुभ्र, वासाला कोरं. माझ्याच यादीवरून वाटप झालं. मी नाव वाचायची आणि ज्याचं नाव असेल तो ओरडायचा, "मिलला!" रेमेतबायने आपल्या आणि बस्त्यावच्या अशा दोघांच्या वेळी ओरडून घेतलं. आमच्या घरी सूत आलं नाही. होडीच नव्हती, सूत कशाला येईल?

नव्या जाळ्याची पहिली गाठ घरातल्या वडीलधाऱ्या बाईने घालायची पद्धत आहे. रेमेतबायने तो मान जोकीमला दिला. त्याने गाठ घातली आणि ती सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. "मच्छीमाराच्या पोटी जल्माला आला आनि गाठ मारता येत न्हाय," असं म्हणत तिने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ती गाठ घातली. त्या जाळ्यातले बोंबील आमच्या दाराला सगळा हंगाम येत राहिले.

तो परत कधी रेडिओवर गेला नाही. देवळाचं दप्तर सांभाळलं, माझ्या शाळेत पोरांना कविता म्हणायला शिकवल्या. निळा पडदा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला लागला, पुढे त्याचं पायपुसणं झालं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आषाढात घर गळायला लागलं की मी माझगावच्या खिडकीवरून त्याला टोमणे मारायची, आणि तो गुपचूप खाली भांडी लावायचा. कधीतरी भांडं लावता लावता तो हळूच म्हणायचा, "नमस्कार, गावकरी मंडळी." मग मला हसू आवरायचं नाही आणि टोमणा अर्धाच राहायचा. नोव्हेंबरात क्रुसापाशी नावं वाचायचं काम मात्र मी त्याला दिलं. तो आवाज तिथेच शोभायचा. सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्याने नावं वाचली. आता त्याचंच नाव वाचतात.

"त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आहे का कुठे?" शलाकाने विचारलं. नाही. कुठून असणार? तो बोलायचा आणि ते हवेत जायचं. ती हिरमुसली. मग म्हणाली, "आजी, यादी आहे म्हणालात ना? तुम्ही वाचाल?"

अंगणात खुर्ची मांडली. समोर फिलूची वलांडी. फिलू म्हणजे रेमेतबायची सून, आता तीही सत्तरीची. ती आणि चार बायका बोंबील टांगत होत्या. कागद पिवळा पडून घड्यांवर विरला आहे, पण अक्षर माझंच. मी पहिलं नाव वाचलं. कैतान. हातातलं काम न थांबवता बायका म्हणाल्या, "त्याच्या आत्म्याला शांती दे." मिंगेल. जुजे. गेलेल्यांतलं शेवटचं नाव झालं आणि मी थांबले. कागदावर जागा नव्हती, तरी मी म्हटलं, "कोंसूबाय." फिलूने हातातली जोडी खाली ठेवून क्रूस केला. मग रेमेतबाय, मग बस्त्याव. तेव्हाचे 'असलेले'ही आता सगळे पहिल्या वर्गात गेलेत. यादी संपली, मी घडी घालायला लागले.

"आनि जोकीमचा नाव?" फिलूने वलांडीच्या पलीकडून विचारलं.

"तो यादीत नव्हता गं. त्याला होडी कुठे होती?"

"मंग काय झाला? वाच ना. तुजाच कागद हाय."

कॅमेरा चालू होता. शलाकाने मान हलवली. मी चष्मा पुसला, कागद पुन्हा उघडला आणि खालच्या कोऱ्या जागेकडे बघून वाचलं, "जोकीम."

कोणी शांती मागितली नाही. फिलू दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "ह्याला मिलला?"

आणि बायका एका सुरात म्हणाल्या, "न्हाय मिलला!" मी वसईची, आयुष्यभर 'नाही' म्हणत आले, पण त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.